एकट्याचा शिधा

३ मार्च, रविवार

ताई,

नमस्कार.

आज सकाळी सातला उठलो. उपवासाचा रविवार होता. आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचं जेवण सोडतात. दहाला सभेला गेलो, बारा वाजून गेल्यावर परतलो. मागच्या दाराची बिजागरी कुरकुरत होती, तिला तेल घातलं. पाचला उपवास सोडला. हिला जाऊन या वीस तारखेला सहा महिने होतील.

फोनवर मला बोलता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. ही असताना तीच फोन धरायची आणि मी शेजारून मान हलवायचो. म्हणून लिहितो आहे.

एक विचारायचं आहे. अकरा वर्षांपूर्वी मी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा ही माझ्याबरोबर पाण्यात उतरली नाही. “तुम्ही भिजा, मी टॉवेल घेऊन उभी राहते,” म्हणाली, आणि खरंच उभी राहिली. पुढेही तिने मला कधी अडवलं नाही. आमच्याकडे चहा वर्ज्य, म्हणून ती स्वतःचा चहा मागच्या पायरीवर बसून प्यायची. “तुमच्या देवाला वास चालत नाही, पण माझी बडबड चालते, हे नशीबच,” म्हणायची.

आमच्यात मेलेल्या माणसाच्या नावानेही बाप्तिस्मा देता येतो. मंदिरात त्या माणसाच्या वतीने कुणी जिवंत माणूस पाण्यात उतरतं. नंतर नवरा-बायकोची गाठ मरणापलीकडेही बांधता येते. मात्र माणूस जाऊन वर्ष व्हावं लागतं. वीस सप्टेंबरला वर्ष होईल. दुसऱ्याच दिवशी आमची काही माणसं मंदिराला जाणार आहेत. नियमाप्रमाणे परवानगी द्यायची ती मीच, तुमची लागत नाही. तरी तुम्ही तिच्या मोठ्या बहीण. तुमचा शब्द मला हवा आहे.

तुम्हाला वाटेल, तिच्या मनात नव्हतं. मलाही तसंच वाटायचं. पण आमच्या माळ्यावर शिध्याचे डबे आहेत, तुम्ही पाहिलेत. अडचणीच्या दिवसांसाठी वर्षभराचं धान्य घरात असावं, असं आम्हाला सांगितलेलं आहे. दर महिन्याला एक मोठा डबा भरायचा, आणि सर्वांत जुना वापरायला काढायचा. भरायची हीच, चिठ्ठीही तिच्याच अक्षरात. प्रत्येक महिन्याच्या डब्याशेजारी तिच्या चहाची एक छोटी डबी असायची. काल मी माळा झाडला. गेल्या एप्रिलपासूनच्या डब्यांशेजारी चहाची डबी नाही. एकाहीशेजारी नाही. तिने मला न सांगता चहा सोडायचं ठरवलं होतं. ती वळत होती, ताई.

उत्तराची घाई नाही.

तुमचा,
भावोजी


१६ मार्च

भावोजी,

नमस्कार. पत्र मिळालं. आठवडाभर टेबलावर होतं.

धाकटी वळत होती म्हणता? गेल्या वर्षी ती माझ्याकडे दोनदा येऊन राहिली. एप्रिलमध्ये आणि जुलैमध्ये. दिवसाला चार कप चहा प्यायची. माझ्या पॅथॉलॉजी लॅबमधल्या मुली म्हणायच्या, मावशी आल्या की दुधाचं पातेलं बदलावं लागतं. असली वळलेली बाई मी तरी पाहिली नाही.

तिच्या नावाने कुणी परकी बाई पाण्यात बुडणार, आणि टॉवेल कोण धरणार? तुम्ही?

मी तुमच्या धर्माला नावं ठेवत नाही. दारू नाही, सिगारेट नाही, रविवारी घरात. असा नवरा मिळायला नशीब लागतं, असं मीच तिला म्हणाले होते. पण तिच्या वतीने हो म्हणू नका. तुम्ही म्हणाल, मेलेल्या माणसाला तिकडे नाही म्हणायची मुभा असते. धाकटीने सांगितलंय मला ते. भावोजी, तिने इथे काय सांगितलं ते तुम्हाला ऐकू आलं नाही. तिकडचं कोण ऐकणार आहे?

डब्यांचा नाद सोडा. धान्य संपवा आणि डबे कुणाला तरी देऊन टाका.

ताई


५ मे, रविवार

ताई,

नमस्कार. आज उपवास होता. सभेहून आल्यावर माळ्यावरचे पाच डबे खाली काढून पुन्हा वर ठेवले. दिवसभरात एवढंच केलं.

तुमच्या पत्रावर गप्पच राहणार होतो. पण मध्ये एक झालं. मंडळीतल्या एका घरात कर्त्या माणसाचं काम सुटलं. आमचे बिशप, म्हणजे मंडळीचे प्रमुख, पगारी पाद्री नाहीत; बस आगारातले कारकून, साधा माणूस आहे. ते म्हणाले, तुमच्याकडे शिधा आहे, त्यातला एक डबा पोचवाल का? मी एप्रिलचा डबा उचलून नेला. हलका वाटला, पण माझं वय झालं म्हणून उलट हायसं वाटलं. त्या घरच्या बाईने माझ्यासमोरच झाकण उघडलं. वर कागद होता, चुरगाळून दाबून बसवलेला खाकी कागद. तो अर्ध्यापर्यंत निघतच राहिला. खाली गहू, तांदूळ, मीठ, साखर, सगळं निम्मं.

ती बिचारी म्हणाली, “उंदीर लागू नये म्हणून घातला असेल, काका.” मी हो म्हणालो. घरी येऊन दुसरे दोन भरलेले डबे तिला नेऊन दिले आणि हा परत आणला.

मग मे, जून, जुलै, ऑगस्टचे उघडले. पाचही तसेच. धान्य एका माणसापुरतं, वर कागद. बाहेरून ठोकलं तर भरलेलाच वाटतो. कागद उलगडून पाहिले. कशावरही काही लिहिलेलं नव्हतं.

म्हणजे ती चहा सोडत नव्हती. तुमचं बरोबर होतं. तिने चहाही भरला नाही आणि स्वतःचं धान्यही भरलं नाही. एप्रिलमध्ये ती तुमच्याकडे आली होती. स्पष्ट विचारतो. ती मला सोडून तुमच्याकडे राहायला येणार होती का? असेल तर मंदिरात तिचं नाव मी देणार नाही. सोडून जाणाऱ्या माणसाला मरणानंतर बांधून घालणं मला जमणार नाही.

कामावर बरं चाललं आहे. मागच्या आठवड्यात एका रुग्णालयाच्या धुलाई विभागातला बॉयलर तपासायला गेलो. बॉयलर थंड करून, हातोडीने ठोकत, नाद ऐकत पुढे जायचं असतं. एका जोडापाशी नाद बसका आला. तिथे ताजा रंग होता. खरवडला तर आत चीर. बॉयलरवाल्याला विचारलं, कधीपासून? म्हणाला, “चार महिने, साहेब.” मी म्हटलं, “मग कळवलं का नाहीस?” तर म्हणतो, “मागच्या खेपेला तुम्ही सगळ्यांसमोर शाबासकी दिलीत. फळ्यावर लिहिलंत, उत्तम देखभाल. मग कसं सांगणार?” मी त्याच्यावर ओरडलो. तुम्हाला माहीत आहे, मी ओरडत नाही.

भावोजी


१४ मे

भावोजी,

ती तुम्हाला सोडून जाणार नव्हती. तसं तिच्या मनातही कधी आलं नाही. माझ्या आईची शपथ.

याहून जास्त विचारू नका. तुमच्याच भल्यासाठी म्हणते.

ताई


९ जून, रविवार

ताई,

नमस्कार. सकाळी सभा, दुपारी एका आजाऱ्याच्या घरी जाऊन आलो, मग कपडे वाळत घातले.

तुमच्या चार ओळींनी मला महिनाभर झोप लागली. सोडून जाणार नव्हती, एवढं मला पुरे आहे. निम्म्या डब्यांचं कारण मी शोधणार नाही. जेवण कमी झालं होतं तिचं, असेल त्यामुळे. भरलेले उरलेसुरले डबे मी त्या काम सुटलेल्या घरी देऊन टाकले आणि हे पाच स्वतःला ठेवले. महिन्याला एक. सप्टेंबरपर्यंत पुरतील. त्यापुढे मला काही लागणार नाही.

तेव्हा नाव द्यायचं मी पुन्हा मनावर घेतलं आहे. आणि ती अगदीच आमच्या बाहेर नव्हती, हे तुम्हाला पटावं म्हणून एक गोष्ट सांगतो. ही तुम्हाला ठाऊक नसेल.

गेल्या वर्षी जानेवारीत तिच्या पोटात दुखायचं. डॉक्टरकडे जाऊ म्हटलं, तर आज नको, उद्या. शेवटी एका संध्याकाळी तिनेच म्हटलं, “तुमचं ते तेल लावून बघा की. लोकांना लावता, घरचीनेच काय पाप केलंय?” आमच्यात आजाऱ्याच्या डोक्यावर तेलाचा एक थेंब ठेवून, हात ठेवून प्रार्थना करतात. बिशपना बोलावलं आणि आम्ही दोघांनी हात ठेवले. डोळे मिटून ती लहान मुलीसारखी बसली होती. बिशप जाताना म्हणाले, “तेल झालं, आता डॉक्टरही करा. देवाने दोन्ही दिलेत.” पण दुसऱ्या दिवशी तिचं दुखणं थांबलं. तिसऱ्या दिवशीही नव्हतं.

उपवासाच्या रविवारी आमच्याकडे ज्याला वाटेल तो पुढे जाऊन आपली साक्ष देतो. अकरा वर्षांत मी एकदाही उठलो नव्हतो. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी उठलो. माझी बायको बरी झाली, एवढंच बोललो, आणि मला रडू आलं. मंडळीतल्या बायका बुधवारी तिचं अभिनंदन करायला घरी आल्या. त्या गेल्यावर तिने मला विचारलं, “तुम्ही एवढ्या माणसांसमोर बोललात? तुम्ही?” मी हो म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला दिवस होता, ताई. त्यानंतर लोक मला बोलावू लागले. सात घरी मी आजाऱ्यांवर हात ठेवले.

सप्टेंबरमध्ये जे आलं ते वेगळं आणि अचानक होतं. पण ती एकदा या तेलाखाली बसली आणि तिला गुण आला. म्हणून म्हणतो, तिची हरकत नसेल.

भावोजी


२० जून

भावोजी,

मी शब्द मोडते आहे. धाकटीला मी वचन दिलं होतं, हे तुम्हाला कधी कळणार नाही म्हणून. पण तुमचा तो सर्वांत चांगला दिवस वाचल्यावर माझ्याने राहवत नाही.

ते वेगळं नव्हतं आणि अचानक तर नव्हतंच. रुग्णालयात डॉक्टर म्हणाले होते ना, हे जुनं आहे? तुम्ही बाकावर बसून मान हलवत होतात. मी शेजारी होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि मी नजर वळवली.

आठ-दहा दिवस तिला खरंच बरं वाटलं. फेब्रुवारी संपायच्या आत दुखणं परत आलं. एप्रिलमध्ये ती माझ्याकडे आली, ती त्यासाठी. तपासणी माझ्या ओळखीने झाली. नमुना माझ्याच लॅबमध्ये आला. डॉक्टरांच्या आधी सूक्ष्मदर्शकाखाली मी पाहिला, भावोजी. तीस वर्षं मी परक्यांच्या काचा बघते आहे. ही काच कुणाची आहे ते ठाऊक असून बघितली.

डॉक्टर म्हणाले, लगेच ऑपरेशन केलं तर आशा आहे. मी तिला म्हटलं, चल, आजच त्यांना फोन करू. तर म्हणाली, “थांब. तो जन्मात एकदा चारचौघांत बोललाय, आणि माझ्याबद्दल बोललाय. आता मी पोट धरून दवाखान्यात गेले तर तो खोटा पडेल.” मी म्हटलं, पडू दे, मरणार आहेस का तू? म्हणाली, “हा महिना जाऊ दे. लोक त्याला हात ठेवायला बोलावतात. पाठ ताठ करून चालतो गं तो आता. तू पाहिलं नाहीस.” मग मे आला. मेमध्येही म्हणाली, हा महिना जाऊ दे. भीतीही होतीच तिला, चाकूची. तीही सगळी तुमच्यावर घालत नाही मी. पण भीतीला निमित्त लागतं, आणि ते तुम्ही दिलंत.

जुलैत मी दुसरी काच पाहिली. तोवर ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. त्या वेळी तरी मी तुम्हाला फोन करायला हवा होता. वचन दिलं होतं म्हणून केला नाही. आता बघा, तेच वचन कागदावर मोडते आहे, आणि त्याचा कुणाला काही उपयोग नाही.

डब्यांचं मला ठाऊक नव्हतं. तुमचं पत्र वाचून कळलं. ती तुमचं जेवण भरून ठेवत होती.

आता तुम्ही ठरवा. तुमच्या श्रद्धेला तडा जाऊ नये म्हणून ती जिवंतपणी गप्प बसली. मेल्यावर तरी तिला सुट्टी द्या.

ताई


२८ जुलै

भावोजी,

पाच आठवडे झाले. फोन वाजत राहतो. तुमच्या कार्यालयात केला, तर म्हणाले, साहेब येतात, तपासणी करतात, जातात. जेवणाच्या सुट्टीत कुठेतरी बाहेर असतात. कुठे, ते कुणाला माहीत नाही.

मी रागात लिहिलं. लिहिलं ते खरं आहे, पण ते मी तुमच्याकडे येऊन, शेजारी बसून सांगायला हवं होतं.

तुमचं जूनचं पत्र पुन्हा काढून वाचलं. “सप्टेंबरपर्यंत पुरतील. त्यापुढे मला काही लागणार नाही.” हे काय लिहिलंत तुम्ही? तेव्हा मी नीट वाचलंच नाही. आता डोळ्यांपुढून हलत नाही. एकट्याचे डबे संपले की तुम्ही काय करणार आहात? त्या गाठीसाठी तिकडे जायची घाई झाली आहे का तुम्हाला? मला आणखी एक काच बघायची नाही, भावोजी. दोन ओळी लिहा. शिव्या लिहिल्यात तरी चालतील.

ताई


१ सप्टेंबर, रविवार

ताई,

नमस्कार.

आज सहाला उठलो. उपवास होता. दहाच्या सभेला गेलो. साडेबाराला परतलो. दुपारी चालत मंडईपर्यंत जाऊन आलो. पाचला शेवटचा डबा उघडला, ऑगस्टचा, आणि भात करून उपवास सोडला.

आधी तुमच्या भीतीचं. त्या ओळीचा अर्थ तसा नव्हता. नाव दिल्यावर मन शांत होईल, मग शिधा साठवायची गरज वाटणार नाही, असं मला म्हणायचं होतं. निदान तेव्हा तरी तसं वाटलं होतं. तुमचं पत्र आल्यावर तीन दिवस मी काही खाल्लं नाही. त्याला उपवास म्हणता येणार नाही. चौथ्या दिवशी जुलैचा डबा समोर दिसला. तिच्या अक्षरात ‘जुलै’. दुसऱ्या खेपेला तुमच्याकडून परत आल्यावर भरलेला. गहू निवडलेला होता. तेव्हा तिला उभं राहवत नव्हतं, हे मी पाहिलं होतं आणि पाय दुखत असतील म्हणालो होतो. मी उठून पोळी केली.

जेवणाच्या सुट्टीत मी कुठे असतो, ते सांगतो. ज्या सात घरी हात ठेवले होते, तिथे एकेक करून गेलो. आता कसं आहे म्हणून विचारायला. दोघे खरंच बरे होते. तिघे पहिल्यापासून डॉक्टरांकडे जात होते, मला सांगितलं नव्हतं इतकंच. एक आजोबा वारले होते, वयाने. सातवं घर एका शाळेच्या पहारेकऱ्याचं. त्याच्या बायकोला छातीत गाठ लागत होती. मी दारात उभा राहून विचारलं, “वहिनी, बऱ्या आहात ना?” ती म्हणाली, “अगदी बरी, भाऊ. तुमच्या प्रार्थनेने.” आणि बोलायच्या आधी तिने नवऱ्याकडे पाहिलं.

ताई, तो नाद मी ओळखतो. आयुष्यभर पगार त्याचाच घेतला.

मी आत जाऊन बसलो. नवरा म्हणाला, “भाऊ, साक्ष दिली आहे मी मंडळीत, ही बरी झाली म्हणून.” मी म्हटलं, “मीही दिली होती.” आणि सगळं सांगितलं. तुमच्या काचेसकट. ती बाई पदराशी चाळा करत होती. म्हणाली, “गाठ वाढली आहे, भाऊ. यांना सांगितलं नाही.” नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. चार दिवस मी रोज जात राहिलो. पाचव्या दिवशी दोघांना घेऊन रुग्णालयात गेलो. नमुना काढला आहे. अहवाल गुरुवारी येणार. डॉक्टरांनी पुढच्या भेटीची तारीख अलीकडे घेतली.

आज सभेत मी पुढे गेलो. म्हटलं, मागे या जागी उभं राहून मी सांगितलं होतं की माझी बायको बरी झाली. ती बरी झाली नव्हती. मी तिला पुन्हा विचारलं नाही, आणि मी सांगून बसलो होतो म्हणून तिला मला सांगता आलं नाही. तुमच्या घरी कुणी माझ्या हाताखाली बसलं असेल तर आज घरी जाऊन विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. एवढं बोलून जागेवर आलो. मग मागच्या बाकावरचं एक जोडपं उठून बाहेर गेलं. त्यांच्याकडे मी कधी गेलो नव्हतो. बाईने पोटावर पिशवी घट्ट धरली होती. आठवं घर कुठलं, नववं कुठलं, आणि माझी ती साक्ष ऐकून कोण कोण गप्प बसलं असेल, ते मला मोजता येत नाही.

बिशप फाटकापर्यंत आले. म्हणाले, “मंदिराच्या यादीत वहिनींचं नाव घालू का? वीस दिवस राहिलेत.” त्यांच्या हातात कागद होता. मी तो घेतला, पण नाव लिहिलं नाही. श्रद्धा सुटली म्हणून नाही. ती आहे, आधीपेक्षा लहान झाली आहे, पण आहे. मरणानंतर भेट होते, हे मी आजही मानतो. झाली तर मीच तिला विचारीन. ती जे सांगेल ते पुरं ऐकून घेईन, आणि मान हलवायच्या आधी थांबेन. कागद कोरा ठेवला आहे.

तुम्ही दुसऱ्याची काच बघितलीत ती तीस वर्षं. तिची बघितलीत ती एकटीने. त्या वचनाचं ओझं तुम्ही माझ्यामुळे वाहिलंत. गुरुवारी त्या बाईचा अहवाल आला की तुम्हाला फोन करीन. मला तो वाचता येणार नाही. जमलं तर तुम्हीच या.

आता सात वाजलेत. भाताचं पातेलं घासलं. ऑगस्टच्या डब्यातला खाकी कागद काढून टेबलावर सपाट केला, त्याची एक पट्टी कापली. मंडईतून आणलेला चहा छोट्या डबीत ओतला, झाकण दाबून बसवलं. पट्टीवर माझ्या अक्षरात लिहिलं, ‘चहा. सप्टेंबर.’ खळ जरा पातळ झाली आहे. पट्टी चिकटेपर्यंत मी तिच्यावर बोट धरून बसलो आहे, आणि हे दुसऱ्या हाताने लिहितो आहे.